गयासाठी गोष्टींचं यंत्र

आज गार वारा सुटलाय. सकाळी धुकं इतकं होतं की स्टेशनाकडची गाडी आधी ऐकू आली, मग दिसली. आता ऊन निघालंय, पण कोमटच. अशा दिवशी मोबीनच्या मोबाइल दुकानाचा ओटा लवकर भरतो, कारण आमच्या घाटनांदुरात सगळ्यात आधी ऊन तिथं पडतं. गिऱ्हाइकं कमी, बसणारे जास्त!

किस्से कसे साचतात, सांगू? मी जन्मभर सायकलींची पंक्चरं काढली. प्रत्येक टायरमधून काही ना काही निघायचं. बाभळीचा काटा, बारीक खिळा, काचेचा तुकडा. फेकून द्यायला जीव व्हायचा नाही, डब्यात टाकायचो. एक दिवस बघतो तर डबा उचलेना! या ओट्यावरच्या किश्शांचंही तसंच झालंय. म्हणून आज डबा उपडा करतो. मी सांगतोय अन् गौतमराव लिहून घेतायत. गौतमराव म्हणजे बिजलीच्या खात्यातले रिटायर लाइनमन. अक्षर मोत्यासारखं. फक्त त्यांचा स्वतःचा किस्सा आला की पेन थांबतो, हे आधीच सांगून ठेवतो.

मूळ गोष्ट माझ्या घरातली. आमच्या गयाचे डोळे गेले. बायकोचं नाव घेतो, या वयात आता लाजायचं कुणाला? काचबिंदू होता. औषधपाणी झालं, पण डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. तिनं ते सोसलं. पण नजरेबरोबर तिचं बोलणंही गेलं, ते मला सोसेना. पूर्वी ही बाई कापूस वेचायला गेली की बायका तिच्या शेजारची ओळ धरायला भांडायच्या, गोष्ट ऐकायला मिळावी म्हणून. तीच आता दिवसभर बाजेवर गप बसून.

"जेवलीस का?"

"हं."

"उन्हात बसतीस का?"

"हं."

बस. एवढंच.

एकदा मोबीनला हे बोललो. तो म्हणाला, "आबा, काकूला पॉडकास्ट लावून द्या. मानसं बोलतात, गोष्टी सांगतात. रेडिओच समजा, पर आपल्या टायमावर चालनारा."

मला पटलं. आता यंत्र कोणतं घ्यायचं, एवढाच प्रश्न राहिला. एवढाच!

* * *

मोबीननं काउंटरवर आधी मोबाइल मांडले. "मोठ्या स्क्रीनचा देऊ का? सगळं लिहिलेलं येतं, बघा."

मी म्हणालो, "बाबा, मला वाचता येत न्हाई, अन् तिला दिसत न्हाई. लिहिलेलं दोघालाबी सारखंच. आमाला बटन पायजे. दाबलं की बोललं पायजे, परत दाबलं की गप झालं पायजे."

ओट्यावर आमचा नामदेव बसला होता. माझा लहानपणचा दोस्त, नदीकडेला शेत आहे त्याचं. तो म्हणाला, "मोबीन, असली चीज आली तर दोन मागव बे. एक गौतमरावाला बसवू!"

* * *

गौतमरावांचं म्हणणं, ऐकायचं कशाला, बघायचं! त्यांच्या लेकानं त्यांना टॅब घेऊन दिलाय, पाटीएवढा. त्यांनी तो ओट्यावर आणला, मोबीनच्या पाण्याच्या बरणीला टेकवून उभा केला अन् लावला. दोन माणसं खुर्च्यांवर बसलेली, पुढं माइक, दोघं बोलायलेत. आम्ही बघायलोत. बराच वेळ झाला, माणसं तीच, खुर्च्या त्याच.

नामदेवनं विचारलं, "हे उठनार कवा?"

"उठत न्हाईत. बोलतात."

"चहा?"

"कप हाय की टेबलावर."

"पितच न्हाईत की! अन् ह्यात बघायचं काय? दोन रिकामे मानसं बोलताना बघायचेत तर आपल्याला आरसा पुरल!"

गौतमराव रागानं टॅब उचलून घरी गेले. पण त्या टॅबची खरी गंमत घरीच आहे. गौतमरावांनी सगळी नोकरी खांबावर काढली. सप्लाय बंद केल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, ही सवय अंगात मुरलेली. त्यामुळं टॅब चार्जिंगवरून काढायचा असला की गौतमराव आधी जाऊन घराचा मेन स्विच पाडतात! मग पायात रबरी चप्पल घालतात. मग पिन काढतात. तोवर आत मिक्सर बंद, पंखा बंद, वहिनीची मालिका बंद.

परवा वहिनी ऐन मालिकेत होत्या. अंधार झाला तशा तिथूनच ओरडल्या, "एवढी भीती वाटती तर त्या डब्याला खांबावरच नेऊन टांगा! तिथं बरे सप्लाय बंद करायला जाल!"

(पेन थांबलाय. थांबा, चहा सांगतो.)

* * *

नामदेवनं मात्र स्पीकर घेतला. गोल, नारळाएवढा. ज्वारी दाण्यात आली की पाखरं राखायला तो शेतातल्या लाकडी माळ्यावर बसतो. गोफण फिरवून खांदा दुखतो, म्हणून त्यानं स्पीकरच माळ्याला टांगला. माणसाचा आवाज आला की पाखरू बसत नाही, हा हिशोब.

पहिल्या दिवशी त्यानं शेतीची माहिती सांगणारा पॉडकास्ट लावला. पाखरं उडाली. दुसऱ्या दिवशी बसली. तिसऱ्या दिवशी तर स्पीकरच्या दोरीवरच रांग!

मग मोबीननं त्याला दुसरा लावून दिला. चार-पाच माणसं एकदमच भांडतात, कुणी कुणाचं ऐकत नाही, तसला. तो लावला तसं शेतात एक पाखरू उतरलं नाही.

मी विचारलं, "मग बरंच झालं की, नामदेव."

"कशाचं बरं! पाखरं गेली, पर बांधावरची मानसं जमली. म्हनायलेत, कोन जिंकलं ते बघूनच जातो. हुरडा बी त्येनीच खाल्ला!"

* * *

इकडं गयासाठी मी कानात घालायचे ते बिनवायरचे बोंडूक घेतले. मोबीन म्हणाला, हलके आहेत, काकूला झेपतील. छोट्या डबीत बसतात. डबी टक् करून उघडते, टक् करून मिटते.

आता आमच्या गयाला पान लागतं. कमरेच्या पिशवीत सुपारी, कात अन् चुन्याची डबी. तीही हाताच्या मुठीत मावणारी, तीही टक् करून मिटणारी. तिचं सगळं हाताच्या अंदाजावर चालतं.

तिसऱ्या दिवशी आवाज येईना. मी डबी मोबीनकडं नेली. त्यानं उघडली, चिमट्यानं कोरलं, वास घेतला अन् माझ्याकडं बघतच राहिला.

"आबा, ह्या टेबलावर आजवर पानी निघालं, तेल निघालं, एकदा मुंग्या निघाल्या. चुना पहिल्यांदा!"

घरी येऊन गयाला सांगितलं. ती घाबरून तोंडाला हात लावून बसली. मग हळूच म्हणाली, "मंग मी काल पानात घातलं ते काय व्हतं?"

एक बोंडूक अजून सापडला नाही.

पण खरं सांगू? किती तरी महिन्यांत ती "हं" सोडून दुसरं काही बोलली होती. मी ते पैसे वसूल धरले.

* * *

मग मोबीननं गळ्यात अडकवायचा पट्टा दिला. दोन वायरी कानात, बाकीचं गळ्यात, हरवायचं नाव नाही. हा तिला मानवला. सकाळी मी लावून द्यायचो, ती उन्हात बाज टाकून ऐकत बसायची.

आता आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचा असतो. एका वाक्याला एक "हं". हुंकारा थांबला की सांगणारा थांबतो, म्हणतो, झोपले वाटतं. गया जुन्या वळणाची. यंत्रातला माणूस गोष्ट सांगतोय अन् आपण गप बसायचं, हे तिला शोभेना. ती त्याला हुंकारा द्यायची. मोठ्यानं.

आमच्या शेजारी शमीमभाभी राहतात. त्यांच्या मालकाचा फळांचा गाडा आहे. मधे कमरेएवढी भिंत. आमच्या कोपऱ्यात शेवगा होता, त्याची एक फांदी वाऱ्यानं त्यांच्या पत्र्यावर घासायची. एके दिवशी मी ओट्यावर आलेलो. भाभींनी भिंतीवरून विचारलं, "गयाक्का, ही फांदी तोडू का? लई आवाज करायलीय."

"हं."

"अक्का, वरचं बी काढू का? परत वाढंल."

"हं. हं."

"मंग बुडातूनच घ्यावं म्हनता?"

"हं!"

भाभींच्या भावानं कुऱ्हाड आणली.

मी दुपारी घरी आलो तर अंगणात ऊनच ऊन! शेवगा आडवा, भाभी शेंगांचे वाटे करायलेत, दोन घरांना सारखे. अन् गया बाजेवर तल्लीन.

मी तिच्या कानातनं वायर काढली. "अगं, शेवगा तोडला की! तुला आवाज न्हाई का आला कुऱ्हाडीचा?"

"आला की," ती म्हणाली. "पर गोष्टीत लाकूडतोड्याच व्हता."

* * *

भाभींनी आठवडाभर मनाला लावून घेतलं. मी समजावलं, शेवगाच तो, बुडखा राहिला की दुप्पट फुटतो. पण त्यांनी दारात येऊन सांगितलं, "आबा, ते कानातलं काढा. अक्काला जे ऐकवायचं ते आमाला बी ऐकू येऊ द्या. कळंल तरी, हं कुनाला हाय ते!"

म्हणून शेवटी स्पीकर. बटनांचा, उचलायला कडी असलेला. मोबीन म्हणाला, "आबा, बिनधास्त न्या. वॉटरप्रूफ हाय."

आता मला जन्मभर एकच परीक्षा ठाऊक. त्याच्या दारात बादली होती. मी स्पीकर त्यात दाबून धरला अन् बघत बसलो. एका कडेनं बुडबुडे आले, बारीक, ओळीनं.

मी म्हणालो, "मोबीन, हे पंक्चर हाय."

मोबीन कपाळाला हात लावून खालीच बसला. "आबा, पावसाचे चार थेंब पडले तर चालतं! त्याला आंघोळ घालत न्हाईत!"

उन्हात वाळवला, चालू झाला. मोबीननं एका कार्डात गोष्टी भरून दिल्या. राहता राहिलं बटन. पाच बटनं, सगळी सारखी गुळगुळीत, तिला कसं कळणार कोणतं दाबायचं? ते काम माझं होतं. जुन्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा कापला, कानसीनं घासला, सोल्युशन लावलं अन् चालू-बंदच्या बटनावर ठिगळ बसवलं. गयानं बोट फिरवलं. दाबलं. बोललं. परत दाबलं. गप.

"तुमीच बसवलं का?" तिनं विचारलं.

"हं," मी म्हणालो.

* * *

हा किस्सा मागच्या आठवड्यातला. आमच्या अंगणात आता दुपारी बायका जमतात. कुणी तुरीच्या शेंगा सोलतं, कुणी कोथिंबीर निवडतं, मधे बाजेवर गया, मांडीशी स्पीकर. सगळ्या मिळून त्याला हुंकारा देतात. गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येतो!

त्या दिवशी गोष्ट लई रंगलेली. राजानं मधल्या राणीला रानात सोडून दिलेलं, रात्र व्हायला आलेली, झाडीत कुणाचे तरी डोळे चमकायलेत. अन् तिथंच स्पीकर बंद! चार्जिंग संपलं. गावात लाइट नव्हती. बायकांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं राणीला मीच सोडून आलो.

मी स्पीकर तिथंच ठेवून ओट्यावर धावलो. आता या गुडघ्यांनी धावणं ते काय. मोबीनकडं भरून ठेवलेली पावर बँक होती. तिची पिन सापडेना. ती सापडली तर ती गौतमरावांच्या टॅबला लावलेली, अन् गौतमराव म्हणायलेत, "थांबा, हात लावू नका, आधी सप्लाय बंद करू." अहो, लाइटच नाही गावात! तरी ते जाऊन दुकानाचा मेन पाडून आले.

पावर बँक छातीशी धरून गल्लीत शिरलो. अंगणातून आवाज ऐकू आला. मला वाटलं, लाइट आली, स्पीकर लागला. मग वाटलं, हा आवाज कार्डातला नाही. जरा चिरका, जरा घाईचा. कापसाच्या ओळीतला.

दारात थांबलो. स्पीकर बाजेखाली पडलेला. गया मांडी घालून बसलेली, हात हवेत. झाडीतले डोळे वाघाचे नव्हते म्हणे, ते राणीच्या आईचे होते. शेंगा तशाच पडलेल्या, एकीचाही हात हलत नव्हता. मी पाऊल टाकलं अन् पायाखाली टरफल वाजलं.

गया थांबली. मान वळवली.

"कोन हाय?"

माझ्या हातात ती पावर बँक, हिरवा दिवा लागलेला.

शमीमभाभींनी मागं वळून बघितलं अन् दबक्या आवाजात म्हणाल्या, "हं म्हना, आबा. न्हाईतर गोष्ट थांबंल."