अप्पांचं म्हणणं, महानंदाच्या तोंडून

पूजेत मन लागेना, म्हणून आज वहीत शिवाच्या नावाखाली महानंदाचंच लिहिते.

महानंदा शेजारच्या गुरुबसप्पांची लेक. त्यांना सगळे अप्पाच म्हणतात. आमच्या देवणीत अप्पांच्या नजरेला मोठा मान. वासराचं कपाळ आणि कान बघून ते कुठल्या गोठ्याचं, हे बाजारात उभ्या उभ्या सांगतात. बायको गेली तेव्हापासून पोरगीच त्यांचं सगळं करते. पहाटे न्हाऊन लिंगपूजेचं पाणी, बेल, विभूती मांडते. स्थळं आली की म्हणायची, "मग अप्पांचं कोण बघंल?"

महिन्याखाली नांदेडहून मंजुषाताई आल्या. माणसाचा स्वभाव रक्तातून येतो की वळणातून, हे घरोघर विचारून लिहून घेतात. त्यांना आमचं घरचं कन्नड कळत नाही, म्हणून महानंदा सोबत फिरून मराठीत सांगते.

काल अप्पांच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. ताई कौतुकानं म्हणाल्या, "हिचं बसणं-बोलणं अगदी तुमचंच! हे रक्त म्हणायचं की वळण?"

अप्पांना मराठी येतं, पण वादाला बसले की कन्नडच. आणि वाद हरायची त्यांना सवय नाही. ते बोलत सुटले, महानंदा एकेक वाक्य सांगत गेली.

"म्हणतेत, रक्तच. वळणानं काही होत न्हाई."

"दाखला विचार ना."

"म्हणतेत, भोकरहून आठ दिवसांचं लेकरू आणलं. कुणाचं, ठाव न्हाई. चोवीस वर्षं खाऊ घातलं, गळ्यात लिंग बांधलं..."

भोकरहून येताना जीपमध्ये ते लेकरू माझ्याच मांडीवर होतं. महानंदाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, मीसुद्धा. म्हटलं, "अप्पा, पुरे की."

"तू गप बस," म्हणाले आणि बोलतच राहिले.

महानंदाचा आवाज बारीक झाला, पण एक शब्द गाळला नाही. "म्हणतेत, तरी ते आपलं झालं न्हाई. तोंड उघडं टाकून झोपतंय. राग आला की जेवण सोडतंय. असलं आमच्या खानदानात कुणी न्हाई."

ताईंची मान वहीतच. "चांगलं उदाहरण आहे. ते मूल आता कुठे असतं?"

"तुमच्या म्होरं बसलंय."

लिंग बांधलं की कूळ विचारू नये, हे आम्हा लिंगायतांना पाळण्यातच शिकवतात. महानंदानं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "मग हे कशाला बांधलं, अप्पा?"

अप्पा मुद्दाम मराठीत बोलले, ताईंना नीट कळावं म्हणून. "बैलालाबी घुंगरमाळ घालतेतच की!" आणि हसले. वाद जिंकले होते.

आज पहाटे भिंतीपलीकडं तिच्या भांड्यांचा आवाज आला, तेव्हा जीव भांड्यात पडला. मग तिची हाक आली, गडी मारतो तशी.

"मालक, पूजेचं मांडलंय."

मग अप्पा म्हणाले, "अप्पा म्हण की गं."

"जी, मालक."