अण्णांच्या बोटांचे ठसे

हे मी आजवर कुणाजवळही बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा तेवढा भाग गाळूनच बोलते — जणू त्याला ठाऊकच नसेल! मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही अण्णांना पाहिलेलं नाही म्हणून असेल. पाहिलं असतंत, तर माझी जीभ रेटली नसती.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना ठाण्याहून मस्कतला आणलं, अल हैलच्या आमच्या घरी. माझा नवरा, मिलिंद, तेलाच्या कामावर. निम्मा महिना वाळवंटात, निम्मा घरी. मी ऑफिसात, लेक रेवा शाळेत. दिवसभर घरात अण्णा एकटे आणि बाहेर मरणाचं ऊन. संध्याकाळी शेजारच्या शरीफाभाभींच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. त्या राजापूरच्या. मासळीच्या गप्पा निघाल्या की दोघांना वेळेचं भान नसे.

तरुणपणी अण्णांनी सोसायटीच्या सगळ्या सहली काढल्या होत्या. पहिला चहा कुठे आणि दुसरा कुठे, हे ठरल्याशिवाय सहल ठरली असं ते मानतच नसत. त्यामुळे मिलिंदने जेव्हा सांगितलं की सुट्टीत युरोपला जाऊ, म्युनिकला गाडी भाड्याने घेऊ आणि ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटली, स्वित्झर्लंड असं करून परत येऊ, तेव्हा अण्णांच्या अंगात वारं भरलं. त्यांनी मोठा नकाशा आणवला आणि जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली सारला. पुढचे कित्येक महिने आम्ही युरोपवर जेवलो. मी आमटीचं पातेलं व्हेनिसवर ठेवलं की ते हळूच सरकवायचे. "अगं, तिथे मुक्काम आहे आपला."

मला आधी हसू यायचं. मग कंटाळा यायला लागला. आणि मग — राग. कशाचा राग? एका म्हाताऱ्या माणसाच्या आनंदाचा? तेव्हा मला तसं वाटत नव्हतं. तेव्हा वाटायचं, ही माझी सहल आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच मी कुणाची सून न होता कुठेतरी जाणार होते. निदान तशी स्वप्नं बघत होते.

जायच्या आधी रंगीत तालीम हवी, असा अण्णांचा आग्रह. म्हणून एका शुक्रवारी आम्ही सगळे किनाऱ्यावरच्या खाबुरा गावापर्यंत गाडीने जाऊन आलो. त्यांना लघवीसाठी सारखं थांबावं लागायचं. प्रत्येक पेट्रोल पंपावर थांबलो. एका पंपावर त्यांनी डबा उघडला, गाडीच्या बॉनेटवर पेपर अंथरला, मेथीचे ठेपले मांडले आणि खाऊन झाल्यावर खळखळून चूळ भरली. शेजारच्या गाडीत माझ्या ऑफिसातली एक बाई होती. तिने पाहिलं. मी मान फिरवली आणि फोनमध्ये डोकं घातलं. अण्णा मला हाका मारत होते, "मीनल, चहा घे गं, गार होतोय." मी ओ दिली नाही. एवढं साधं. पण माझं ठरलं बहुधा तिथेच.

व्हिसासाठी आम्ही चौघे केंद्रावर गेलो. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांच्या बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात. काउंटरवरच्या मुलीने ओल्या कागदाने बोटं पुसली, पुन्हा दाबून बघितली. अण्णा कानकोंडे होऊन हसत होते. शेवटी उमटले. हो, उमटले. मुलीने मान डोलावली, मी शेजारीच उभी होते.

त्या रात्री मिलिंद वाळवंटात परतला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात बसून एक पत्र टाइप केलं. इंग्रजीत, चार ओळींचं. मी माझा अर्ज स्वेच्छेने मागे घेत आहे, पासपोर्ट माझ्या सुनेकडे द्यावा. घरी येऊन ते अण्णांपुढे ठेवलं. त्यांना इंग्रजी चांगलं यायचं. चष्मा आणायला उठत होते. मी म्हटलं, कशाला उठताय, मी बोट ठेवते. "कागद संपतच नाहीत बाई यांचे," असं म्हणत त्यांनी माझ्या बोटाशेजारी सही केली. पूर्ण नाव, वळणदार अक्षरात. अर्ज मागे गेला.

आणि त्यांना मी काय सांगितलं? की तुमचे ठसे नीट आले नाहीत म्हणून तुमचा व्हिसा नाकारला. खोटं असं हाताशीच पडलेलं होतं, मला शोधावंसुद्धा लागलं नाही.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. चिडले नाहीत. दोन्ही हात उताणे धरून बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "झिजली गं. आपलीच झिजली, त्यांना काय बोल लावायचा?" मिलिंद फोनवर म्हणाला, सगळंच रद्द करू. अण्णाच त्याला रागावले. माझ्यापायी कुणी थांबायचं नाही, म्हणाले. शरीफाभाभींनी त्यांच्या जेवणाची जबाबदारी घेतली. "तू बिनघोर जा गं, इन्शाल्ला सगळं छान होईल," म्हणून मला मिठी मारली. त्या मिठीत मी उभी राहू शकले. याचं मला आजही नवल वाटतं.

आम्ही गेलो. अण्णांच्याच आखणीने गेलो. मिलिंदला दुसरी आखणी मान्यच नव्हती. अण्णा तिकडे टेबलाशी बसून फोनवर सांगायचे, आता बोगदा येईल, बोगदा संपला की पहिला चहा. आणि खरंच तिथे टपरीवजा हॉटेल असायचं, समोर तळं, बाकडं. रेवा आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजोबाला इकडे खूप आवडला असता." मी म्हटलं, हो. मिलिंदने तोंड फिरवून डोळे पुसले. गाडीत मागची एक जागा रिकामी होती. तिच्यावर आम्ही कोट टाकायचो. माझं मन कुठेच लागलं नाही. पण हे मी माझ्या बाजूने सांगत नाहीये. मन लागलं असतं, तरी केलं ते केलंच होतं.

परत आलो तर अण्णा रोज झोपताना बोटांना खोबरेल चोळत होते. कुणी पाहुणा आला की त्याला बोटं दाखवून हसायचे. "युरोपने नापास केलं आम्हाला." पाहुणे हसायचे. मी चहा टाकायला आत जायचे.

दिवाळीत ठाण्याला गेलो. पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता, आणि हल्ली तिथेही मशीनवर बोट टेकवावं लागतं. अण्णा दोन दिवस धास्तावलेले. इथेही नाही उमटलं तर? आपण जिवंत आहोत हे कसं पटवायचं? बँकेत त्यांनी रुमालाने बोट पुन्हा पुन्हा पुसलं आणि माझा हात धरून मशीनवर टेकवलं. पहिल्याच खेपेला उमटलं.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं, कळलं यांना. पण त्यांचा चेहरा तर फुलला होता. "मीनल, बघ! बोटं चांगली आहेत माझी. तिथलं मशीनच बिघडलं असणार." आणि जरा वेळाने, रिक्षात, लहान मुलाने मागावं तसं विचारलं — पुढच्या वर्षी परत अर्ज करून बघूया का?

मी हो म्हटलं. सांगायची वेळ तीच होती. रिक्षात आम्ही दोघंच होतो.

पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. फेब्रुवारीत, अल हैलच्या घरी, झोपेतच गेले. नकाशा अजून काचेखाली आहे; मिलिंद काढू देत नाही. बापाला तिथे नेता आलं नाही, ही त्याच्या मनातली सल. ती मी त्याला दिली आहे, हे त्याला माहीत नाही. आजही पानं मांडताना पातेलं व्हेनिसवर येतं आणि माझा हात ते आपोआप सरकवतो.

ठसे पहिल्यापासून ठीक होते. सही अण्णांची होती. कुठे करायची ते दाखवणारं बोट माझं होतं.