बाईंचा जर्मन सेट

आम्ही दोघी नाशिक रोडच्या एकाच शाळेत शिकवायचो आणि एकाच कॉलनीत, भिंतीला भिंत लागून राहायचो. एकमेकींना 'बाई'च म्हणायचो. गाणं ऐकण्याचं वेड दोघींनाही. सत्तरच्या दशकात देवळाली कॅम्पातल्या एका लष्करी अधिकाऱ्याची बदली झाली आणि त्यांनी आपला जर्मन सेट विकायला काढला. रेकॉर्ड प्लेअर, ॲम्प्लिफायर, दोन लाकडी स्पीकर. दोघी मिळून बघायला गेलो.

"लोकांनी वापरलेलं कशाला घ्यायचं? तेवढ्या पैशांत नवा कोरा येईल," मी म्हटलं. बाई मात्र तो घेऊन आल्या. मी मेन रोडवरून चकचकीत स्टिरिओ आणला.

पहिले काही महिने मला माझंच बरोबर वाटलं. मग एका रविवारी त्यांच्याकडे एक रेकॉर्ड ऐकली. तीच माझ्याकडेही होती. सूर लावण्याआधी गायिकेनं घेतलेला श्वास ऐकू आला. माझ्या स्टिरिओवर तो कधीच आला नव्हता. घरी येऊन यजमानांवर उगाचच डाफरले.

पुढच्या दहाएक वर्षांत मी तीन सेट बदलले. एकाची मोटर गेली, एक घरघरायला लागला, तिसरा मलाच नकोसा झाला. बाईंनी फक्त एकदा रबरी पट्टा बदलला. भिंतीपलीकडून तोच भरदार आवाज यायचा आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं विसरून, तोंड कडू करून बसायचे.

मग त्यांच्या प्लेअरची सुई झिजली. नाशकात मिळेना. मी भाचीच्या लग्नाला मुंबईला निघाले, तेव्हा त्यांनी मॉडेलचा नंबर लिहून दिला. ग्रँट रोडच्या एका दुकानात सुई मिळाली. घेतलीही. परतताना कसाऱ्याचा घाट चढतानाही मी ती त्यांना देणारच होते. पण दारातच त्यांनी विचारलं, "मिळाली का हो?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही बाई. आता बनवतच नाहीत म्हणे."

चार महिने पलीकडे शांतता. मला बरं वाटलं, हे खरं आहे. शेवटी मी जाऊन विचारलंही, "नुसता पडून आहे, तर मला विकता का?"

बाई हसल्या. "इतक्या वर्षांत त्यानं एकदाही दगा दिला नाही. एका सुईपायी काढून टाकू? कंपनीला जर्मनीला पत्र टाकलंय मी." बोलता बोलता त्या मुक्या प्लेअरवरची धूळ पुसत होत्या.

ते मला बघवेना. घरी गेले, कपाटातली सुईची डबी आणली आणि त्यांच्या हातावर ठेवली. "तेव्हाच मिळाली होती," एवढंच म्हणू शकले.

डबी उघडून बघत त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, या सेटवर तुमचाही माझ्याइतकाच जीव आहे."

"आहे. म्हणूनच," मी म्हणाले.

वर्षभर आम्ही शाळेत वेगवेगळ्या गेलो. मग माझ्या यजमानांच्या आजारपणात त्यांनी आपणहून डबा पाठवला आणि बोलणं सुरू झालं. रेकॉर्ड ऐकायला मात्र त्यांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही.

पुढे मी कॅसेट डेक घेतला. त्या बघायला आल्या. "छान आहे हो," म्हणाल्या, अगदी मनापासून. त्याचाही मला रागच आला.