मोटरसायकलवरची लाल मिरची

वयाच्या सदतिसाव्या वर्षी मोटरसायकल रेसिंगसाठी स्पॉन्सर शोधणारी बाई दारात उभी राहिली, की समोरचा माणूस आधी तिच्या खांद्यावरून मागे बघतो. रेसर मागून येत असेल, असं त्याला वाटतं. माझ्या मागे कुणीच नसायचं. ट्रॅकवरही नसायचं.

वेग माझ्या रक्तातच आहे वगैरे सांगायला मला आवडलं असतं. पण मी निपाणीची, बारा वर्षं बंगळुरूत, मारतहळ्ळीला राहते आणि सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची नोकरी करते. ऑफिसच्या एका कार्यक्रमात सोडतीत मला रेसिंग स्कूलचं एका दिवसाचं कूपन लागलं. मिक्सर लागला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. मुदत संपत आली म्हणून गेले. पहिल्याच वळणावर मी जवळजवळ थांबलेच, आणि परतीच्या बसमध्ये मी एकटीच हसत बसले होते. पुढच्या वर्षी एक जुनी रेसची मोटरसायकल घेऊन नवशिक्यांच्या गटात अख्खा हंगाम काढला. जे काही साठवलं होतं ते त्यात गेलं. दुसऱ्या हंगामाला साधे टायरसुद्धा परवडणार नव्हते, आणि रेसमध्ये टायर साबणासारखे झिजतात.

म्हणून मी चोवीस स्लाईडचं प्रेझेंटेशन बनवलं. पहिल्या स्लाईडवर मी हेल्मेट काखेत घेऊन क्षितिजाकडे बघत होते. नवऱ्याने ते शांतपणे शेवटपर्यंत पाहिलं.

"अगं, यात तुझा नंबर कितवा आला ते कुठेय?"

"बाविसाव्या स्लाईडवर."

"एवढ्या बारीक अक्षरात?"

"ती डिझाईनची स्टाईल आहे," मी म्हटलं.

तीसेक कंपन्यांना ते पाठवलं. एकीकडून आपोआप येणारं उत्तर आलं, की तुमचा नोकरीचा अर्ज मिळाला, आभारी आहोत. प्रत्यक्ष भेटायला फक्त एका टायरवाल्याने बोलावलं. काचेची केबिन, समोर थंड पाणी. मला वाटलं, झालंच काम.

"लास्ट इयर पोझिशन?" त्याने विचारलं.

"अकरावी."

"आउट ऑफ?"

"बारा."

"मग बारावा कोण होता?"

"तो पडला," मी म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं, पण सवय नाही. त्याने मला जाताना एक कीचेन दिली.

माझी मोटरसायकल बघणारे मेकॅनिक साठीचे आहेत. तरुणपणी स्वतः रेस केलेले. बनशंकरी भागातल्या एका मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज आहे आणि सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कीचेन बघून ते म्हणाले, "मॅडम, मोठी कंपनी जिंकणाऱ्याला देते. तुम्ही ओळखीच्या माणसाला विचारा."

माझ्या ओळखीत धंदा करणारं माणूस एकच. गॅरेजपासून दोन गल्ल्या पलीकडे एक अक्का घरच्या पुढच्या खोलीत मसाल्यांचा व्यवसाय करतात. साराची पूड, मेतकूट, चटणीपूड. त्यांचं मराठी घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इथे येऊन राहिलं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असतं, आणि माझ्या मराठीत निम्मं इंग्रजी, त्यामुळे आमचं छान जमायचं. गॅरेजला गेले की मी तिथून चटणीपुडीचं एक पाकीट घ्यायची.

शनिवारी मी ठरवून गेले. अक्कांनी विचारलं, "काय देऊ?" मी म्हटलं, "चटणीपूड." पाकीट घेतलं आणि घरी आले. दुसऱ्या शनिवारी लॅपटॉप घेऊन गेले. दोन पाकिटं घेऊन आले. तिसऱ्या शनिवारी ट्रॅफिकमध्ये वाक्य पाठ केलं, दारात पाऊल टाकताच विसरले, आणि घाबरून चार पाकिटं घेतली. नवऱ्याने स्वयंपाकघरातलं कपाट उघडून विचारलं, "आपण दुकान काढतोय का?"

चौथ्या शनिवारी मी तोंड उघडायच्या आतच अक्कांनी गिरणी बंद केली.

"स्वल्प बस गं इथे. दोघांच्या घरात एवढी चटणीपूड कोण खातं? काय पाहिजे ते सांग."

मी लॅपटॉप उघडला. तिसऱ्या स्लाईडपर्यंत पोचले, तेव्हा त्यांनी हातानेच तो मिटवला. झाकणावर पिवळी बोटं उमटली.

"हे नको. तोंडाने सांग."

मग मी सांगितलं. मोटरसायकल चालवते, रेसमध्ये, फार चांगली नाही, पण सोडवत नाही. टायर पाहिजेत. हे सगळं सांगायला मिनिटभरसुद्धा लागलं नाही, आणि चोवीस स्लाईडमध्ये यातलं एकही वाक्य नव्हतं.

अक्कांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "माझे लोक माझं नाव पाकिटाच्या बाहेर कुठे लावत नाहीत. मुलगा म्हणतो, मसाल्याची कसली जाहिरात. तुझ्या गाडीवर लागेल?"

"लागेल."

"मोठं?"

"मोठं."

"सरी, चालेल. टायर घे. पण मला गाडी पळताना बघायची आहे."

इथून माझी तयारी सुरू झाली. साखर बंद, भात अर्धा, रोज सकाळी व्यायाम. वळणावर शरीर एका बाजूला कसं झोकून द्यायचं याचा सराव मी सोफ्यावर करायची. सोफ्याच्या हातावर बसून अर्धं अंग खाली, गुडघा बाहेर, मान वर. एकदा कामाच्या बाई लवकर आल्या. दारात क्षणभर थांबून त्यांनी काळजीने विचारलं, "कुठे दुखतंय?" मी म्हटलं, "कुठेच नाही." त्यांनी तरी जाताना माझ्यासाठी गरम पाणी करून ठेवलं.

गॅरेजात वेगळीच शर्यत चालली होती. अक्का मोजपट्टी घेऊन आल्या होत्या. त्यांना मोटरसायकलवर कन्नड आणि मराठी दोन्हीत नाव हवं होतं, खाली फोन नंबर, आणि बाजूला लाल मिरची. अण्णा म्हणाले, रेसचा आकडा दिसायला जागा सोडावी लागते, नाहीतर धावूच देत नाहीत. अक्का म्हणाल्या, आकडा बारीक काढा. अण्णा म्हणाले, ही गाडी आहे, दुकानाची पाटी नाही. दोघं मोटरसायकलच्या दोन बाजूंना उभे राहून कन्नडमध्ये तासभर भांडले. मी मधे साबणाचं पाणी घेऊन चाकं पुसत होते. शेवटी मिरची टाकीवर गेली. पिवळ्या मोटरसायकलवर टपोरी लाल मिरची. सिग्नलला उभी राहिली असती तर लोकांनी चटणी मागितली असती.

हंगामाआधीच्या सरावासाठी आम्ही चेन्नईजवळच्या ट्रॅकवर गेलो. टेम्पोत मोटरसायकल, पुढे अण्णा, मी आणि अक्का. अक्कांनी घडीची खुर्ची आणि दहीभाताचा मोठा डबा आणला होता. लांब सरळ रस्ता संपून जिथे उजवं वळण सुरू होतं, तिथे कठड्यामागे त्यांनी खुर्ची मांडली.

मी ट्रॅकवर गेले आणि नेहमीप्रमाणे झालं. पंचवीस-तीस वर्षांचे रायडर पाखरांच्या थव्यासारखे भुर्रकन निघून गेले. मग थोडी शांतता. मग मी. दुसऱ्या फेरीत तोच थवा मागून येऊन पुन्हा पुढे निघून गेला. मला वाटत होतं, ही म्हातारी बाई स्वतःचं नाव एवढ्या हळू जाताना बघतेय, हिला काय वाटत असेल. वीस मिनिटांनी आत आले तेव्हा हेल्मेट काढायची हिंमत होईना.

अक्का खुर्ची घेऊन चालत आल्या. मी म्हटलं, "अक्का, सॉरी."

"कशाला? ते सगळे घोळक्याने गेले, एकाचंही नाव वाचता आलं नाही. तू एकटी आलीस. माझा फोन नंबरसुद्धा वाचता आला."

अण्णांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मीही हसले, पण आतून काहीतरी दुखलं. अक्कांना ते कळलं असावं. त्या माझ्यासमोर खुर्ची टाकून बसल्या.

"एक विचारू? त्या वळणावर तू एवढ्या आधी का थांबतेस? बाकी सगळ्यांच्या गाडीचा आवाज त्या झाडापाशी खाली येतो. तुझा इकडे रस्त्याकडेच्या पाटीपाशीच येतो. झाडापर्यंत तू नुसतीच जातेस."

"तुम्हाला आवाजावरून कळलं?"

"चाळीस वर्षं गिरणी चालवते गं. आवाज बदलला की पूड किती बारीक झाली ते मला न बघता कळतं."

मी अण्णांकडे बघितलं. ते म्हणाले, "मी गेल्या वर्षापासून हेच सांगतोय." ते खरं होतं. आणि मी गेल्या वर्षापासून पुढच्या सस्पेन्शनला दोष देत होते. दोनदा ते बदलूनही घेतलं होतं. ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणारी मी, आणि माझी चूक मसाले दळणाऱ्या बाईंना घडीच्या खुर्चीत बसून सापडली.

दुपारच्या सरावात मी ठरवलं, पाटीपाशी ब्रेक लावायचा नाही. पहिल्या फेरीत पाटी आली आणि माझ्या बोटांनी मला न विचारता ब्रेक दाबला. दुसऱ्या फेरीतही. तिसऱ्या फेरीत मी पाटीपाशी मोठ्याने ओरडले, म्हणजे तोंडाला काम मिळालं आणि बोटं विसरली. झाड अंगावर आलं, ब्रेक लावला, मोटरसायकल थोडी वळवळली, आणि आम्ही वळणातून बाहेर आलो. पडलो नाही. आत आल्यावर अण्णांनी घड्याळ दाखवलं. एका फेरीत दोन सेकंद कमी. मग त्यांनी दहीभाताचा पहिला घास मला दिला.

या हंगामाच्या पहिल्या प्रत्यक्ष रेसला आम्ही चौदाजण होतो. मी दर फेरीला पाटीपाशी ओरडले. मधल्या एका फेरीत माझ्या पुढचा एक जण पाटीपाशी हळू झाला, मी झाले नसते तेवढं हळू, आणि मी त्याच्या बाजूने निघून गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी उभ्या अवस्थेत मागे टाकलं, म्हणजे तो पडलेला नसताना. नववी आले. वर्तमानपत्रात येण्यासारखं यात काही नाही. नवव्या क्रमांकाला टाळ्यासुद्धा नसतात, लोक तेव्हा पहिल्या तिघांचे फोटो काढत असतात.

अक्का दुसऱ्या टीमच्या मंडपात सगळ्यांना दहीभात वाढत होत्या. मला बघून म्हणाल्या, "संपली का?"

"संपली. नववी."

"सरी," त्या म्हणाल्या. मग वाढायचं थांबवून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

मी "आलेच" म्हणून हेल्मेट न काढताच टेम्पोच्या मागे गेले. हेल्मेटच्या आत रडू नये. काच धुरकट होते आणि नाक पुसता येत नाही. हातमोजे घातलेल्या हातांनी हनुवटीचा पट्टा सुटेना, म्हणून मी तशीच, काहीही न दिसता, टेम्पोला टेकून दहा मिनिटं उभी राहिले.