तीनशे मीटरवरचा वारा

माझ्या साडूंइतका वाऱ्याचा संशय घेणारा माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात झाला नाही, आणि दुसरा होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. तुम्ही-आम्ही वारा सुटला की खिडकी लावून घेतो आणि विषय मिटवतो. साडू त्याची उलटतपासणी घेत. कुठून आलास, किती जोरात आलास, मध्येच का थांबलास आणि मुख्य म्हणजे, माझी गोळी किती बोटं सरकवणार आहेस? यातली गोळी त्यांच्याकडे नव्हती. बंदूकही नव्हती. फौजेत पोरांना नेमबाजी शिकवण्यात उभी नोकरी काढून ते नव्वद सालाच्या आसपास ओतूरजवळच्या आपल्या गावी परतले, तेव्हा रायफल पलटणीत राहिली आणि हिशोब तेवढे घरी आले.

रोज सकाळी ते ओट्यावर खुर्ची टाकून बसत. समोर ओढ्यापलीकडे, त्यांच्या मोजणीने बरोबर तीनशे मीटरवर, शेजाऱ्याच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीचं पांढरं दार होतं. आज या दारावर गोळी मारायची झाली तर नेम कुठे धरावा लागेल, हे ठरल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत. भिंतीवर थर्मामीटर, त्याच्याशेजारी हवेचा दाब दाखवणारं पितळी यंत्र. ऊन तापलं की हवा पातळ होते, गोळी वर जाते. थंडीत हवा दाट, गोळी खाली बसते. वारा डावीकडून असेल तर गोळी उजवीकडे सरकते, आणि तोही वाटेत ओढ्यावर वेगळा, बांधावर वेगळा. हे सगळं ऐकवायला समोर कोणीतरी लागायचं, आणि कळंबहून मी बायकोला तिच्या बहिणीकडे सोडायला गेलो की ते कोणीतरी मीच असायचो. चहा गार व्हायचा. तो शेजारी एकदा मला बाजारात गाठून म्हणाला, "पावणं, तुमच्या साडूंना सांगा, माझ्या दाराकडं आसं डोळा बारीक करून बघत नका जाऊ. मोटार चालू करायला जायचं भ्या वाटतं राव."

ताईचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, हाल तर विचारूच नका. तिने बांधावर वाळत घातलेली साडी संध्याकाळी काढायला घेतली की ओट्यावरून ओरडा यायचा, "राहू दे गं! आजून वारा ठरला न्हाई!" त्या घरातल्या सगळ्या साड्या दिवसभर निशाणाच्या नोकरीवर असायच्या आणि एकीकडून विटून घरी यायच्या. पुतणीच्या लग्नात तर साडूंनी मंगलाष्टकं चालू असताना पाहुण्यांची एक अख्खी रांग उठवून चार हात बाजूला बसवली. का, तर वारा आडवा होता आणि त्या जागेवरून टाकलेल्या अक्षता भटजींवर पडत होत्या.

ओतूरच्या बाजारात कांद्याचे व्यापारी असलेल्या शेठजींशी त्यांची एकदा जुंपली, तेव्हा दुर्दैवाने मी हजर होतो. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, असं साडू बोलून गेले. शेठजींनी तराजू सोडला. "भाऊ, माझा कांदा भिजला की त्याचं वजन वाढतं. मग तुमच्या हवेचंच कमी कसं व्हतं?"

"शेठ, कांदा येगळा आन हवा येगळी."

"वजन म्हटलं की सगळं सारखं, भाऊ!"

हे दुपारपर्यंत चाललं. साडूंचंच बरोबर होतं, असं पुढे आमच्या गावच्या विज्ञानाच्या मास्तरांनी मला सांगितलं. पण माझी चुकलेली एसटी काही त्यामुळे परत आली नाही.

अशा माणसाला एके दिवशी खरीखुरी रायफल मिळाली. त्यांचे फौजेतले जुने साहेब एक रायफल क्लब चालवत. त्यांचा निरोप आला की नगरकडच्या रेंजवर तीनशे मीटरची खुली स्पर्धा आहे, रायफल मी देतो, तू फक्त ये. साडूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण त्यांनी ते ताई सोडून कोणालाच कळू दिलं नव्हतं. ताईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना पुन्हा जमंल का न्हाई कोण जाणं. फौजेत सगळ्यांना शिकिवलं, पर सोताला एक पदक न्हाई. तुमी संगं जा." मग कसला नाही म्हणतोय! आळेफाट्याहून आम्ही नगरची गाडी धरली आणि साडूंनी मला सबंध रस्ताभर खिडकीबाहेरच्या झाडांचे शेंडे वाचायला लावले.

रेंजवर माझं काम पाण्याची बाटली आणि दुर्बीण सांभाळायचं. गोळ्या चालू असताना कोणी कोणाला काही सांगायचं नाही, नाहीतर बाद, हे तिथल्या अधिकाऱ्यांनी सुरुवातीलाच दरडावलं. साडूंच्या शेजारच्या चटईवर एक कॉलेजातली मुलगी होती, आणि योगायोग असा की ती आमच्या कळंबचीच निघाली. तिचे वडील माझ्याजवळच उभे होते. "पहिल्या तिघांत आली तर फुडं राज्याच्या संघात घेत्यात म्हणं," ते म्हणाले. "नाय आली तर बास. घरचे थांबायला तयार नायत, स्थळं यायला लागलीत."

साडूंच्या पहिल्या गोळ्या मधोमध लागल्या. दुर्बिणीतून ते बघताना मला, इतक्या वर्षांचा राग बाजूला ठेवून, अभिमान वाटला. हा माणूस जिंकणार होता. आणि तेवढ्यात वारा फिरला.

साडूंना ते कळलं. पोरीला कळलं नाही. तिच्या गोळ्या उजवीकडे सरकू लागल्या. साडूंनी गाल रायफलीवरून उचलला, मान वळवली आणि तिच्या निशाणावर गोळीची जागा दाखवणाऱ्या काठीकडे बघितलं. मी मनात म्हणालो, नको. आपलं बघा. पुन्हा एक गोळी, पुन्हा उजवीकडे.

"पोरी, वारा फिरलाय. डावीकडं दोन खटके घे!"

रायफलीच्या नेमाला एक स्क्रू असतो, त्याचे हे खटके. मुलीने दचकून तो फिरवला. अधिकारी धावत आले. पुन्हा बोललात तर बाद, असं त्यांनी बजावलं. साडूंनी मान डोलावली, रायफल खांद्याला लावली. पोरीची पुढची गोळी आत आली. त्यापुढचीही. माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच त्यांनी पुन्हा गाल उचलला.

"ऊन वाढतंय गं! थोडं खाली पन घे!"

झालं. साडूंना चटईवरून उठवलं. त्यांच्या गोळ्या तशाच शिल्लक राहिल्या.

मुलगी तिसरी आली. तिने काही विचारलं नव्हतं, म्हणून तिचा निकाल राहू दिला. वडिलांना घेऊन ती साडूंच्या पाया पडायला आली आणि म्हणाली, "काका, डावीकडं घेतलं तुमी सांगितल्यावर. खाली मात्र न्हाई घेतलं."

"का?" साडू एकदम ताठ झाले. "मग गोळी मधी कशी बसली?"

"ढग आला होता ना, काका. ऊन उतरलं होतं."

साडूंनी मान वर करून आभाळाकडे बघितलं. मग माझ्याकडे वळले. "पावणं, ढग आला व्हता?"

"आला होता," मी म्हणालो.

परतीच्या गाडीत मी धुमसत होतो. आळेफाट्याच्या हॉटेलात मिसळ समोर आली तेव्हा मला राहवेना. "अहो, हातातलं पदक घालवलंत! काय गरज होती बोलायची?"

"तिची गोळी उजवीकडं जात व्हती."

"जाऊ दे ना मग!"

"आसं कसं जाऊ दे?" ते खरोखरच गोंधळून म्हणाले. "जात व्हती ना." आणि पाव मोडून खाऊ लागले. थोड्या वेळाने आपल्याशीच हसत म्हणाले, "ढग बघितला पोरीनं. लई भारी."

डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण नजर पहिल्यासारखी आली नाही. काही वर्षांनी त्यांचा मुलगा दोघांना पुण्याला घेऊन गेला. मी भेटायला गेलो तेव्हा साडू वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसले होते. समोर इमारत, बाजूला इमारत, खिडक्यांच्या काचा घट्ट लावलेल्या. त्यांनी कळंबची खुशाली विचारली, पोरांची विचारली, माझ्या गुडघ्याची विचारली. एखाद्या चारचौघांसारख्या माणसाने बोलावं तसे बोलत होते. या माणसाने तासभर तरी वाऱ्याचं नाव काढू नये म्हणून मी वर्षानुवर्षं देवाला साकडं घातलं होतं. तो तास आता मिळाला होता आणि तो सरता सरेना.

शेवटी मीच उठलो, काच सरकवली आणि म्हणालो, "बघा बरं. किती असेल?"

ते हळूहळू खिडकीशी आले. डोळे मिटून त्यांनी चेहरा बाहेर धरला.

"डावीकडनं हाय," ते म्हणाले. "पर लई न्हाई."

"खिडकी लावा हो, धूळ येती," ताई आतून म्हणाली. आम्ही दोघेही हललो नाही.