तात्यांची भाकरी खाणारा टिप्या

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. घरात कुणी असलं काही सांगायला लागलं की मी सरळ उठून भांडी घासायला जाते. बारामतीतल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये मी आहारतज्ज्ञ आहे. वजन, मोजपट्टी, रक्ताचे रिपोर्ट... जे मोजता येतं तेच खरं, हा माझा खाक्या. तरीही हे लिहितेय, कारण पोटात ठेवून ठेवून कंटाळले.

मागच्या उन्हाळ्यात सणसरचे एक तात्या हर्नियाच्या ऑपरेशनला ॲडमिट झाले. सत्तरीचे, ऊसवाले, भारी गमत्या माणूस. वजनाला उभं केलं तर म्हणाले, "ताई, व्यापाऱ्यावानी काटा मारू नका हां!" वजन जुन्या फाइलीतल्या गेल्या वर्षीच्या आकड्याइतकंच भरलं. पायांवर सूज होती, पण "दिसभर उसाला पानी देत हुबा ऱ्हातो, त्येनं" असं तेच म्हणाले. सोबत सून होती, मनीषा. जेवणाचं विचारलं तर म्हणाली, "चांगलं हाय की. रोज रानात डबा धाडते, रिकामा येतो."

मग माझी काय हरकत असणार? मनीषा औषधं आणायला खाली गेली, तात्यांना एक्स-रेला नेलं. मी त्यांच्याच खोलीत उभी राहून 'पोषण ठीक' असं लिहीत होते. भर दुपार होती.

"अवो ताई, सुजंचं वजन धरू नका."

खिडकीजवळच्या स्टुलावर एक बाई बसल्या होत्या. जांभळं लुगडं, हनुवटीवर गोंदलेले ठिपके. "ह्यांच्या दंडाचा ताईत बघा. मी बांधला तवा घट्ट व्हता, आता कोपरावर लोंबतोय. डबा रिकामा येतो, व्हय... पर भाकरी जाती टिप्याच्या पोटात. कुत्रं बघा कसं माजलंय! मी जवळ बसल्याबिगार ह्ये घास घेत न्हाईत."

तात्यांच्या मिसेस, असं मी धरून चालले. जरा रागानंच म्हटलं, "मावशी, मग आधी का नाही सांगितलंत?"

"मला कोन इचारतंय!" म्हणून त्या हसल्या. मी हातून पडलेलं पेन उचलायला वाकले, वर पाहते तर स्टूल रिकामं. दारातल्या नर्सला कुणी बाहेर जाताना दिसलं नव्हतं.

तात्या परत आल्यावर मी त्यांची बाही वर सारली. ताईत खरंच कोपरावर होता! दंड मोजला, तर नुसतं हाड आणि कातडं. मूठ आवळायला लावली, जोरच नाही. अंगातलं मांस गेलं होतं आणि त्याची जागा सुजेच्या पाण्यानं भरली होती. अशा अंगावर टाके घातले असते तर जखम भरलीच नसती, माणूस हातचा गेला असता. मी धावत सर्जनना गाठलं, ऑपरेशन पुढं ढकललं आणि फाइलवर 'तीव्र कुपोषण' लिहिलं.

मनीषा भडकलीच. "कुपोषन? आमच्या घरात? त्ये तर बारक्या पोरांना हुतं!"

"अगं, तुझ्या सासूबाईंनीच सांगितलं."

ती पांढरीफटक पडली. "म्याडम, आत्यास्नी जाऊन दोन वर्सं झाली."

तात्या मात्र शांत होते. "जांभळं लुगडं व्हतं?"

मी मान डोलावली आणि डब्याचं, टिप्याचं सगळं सांगितलं. म्हातारा लहान पोरासारखा ढसाढसा रडला. मग म्हणाले, "बांधावर दोघं बसून खायाचो. येकट्याला घास उतरत न्हाय वो. पर टिप्याचं तिला कुनी सांगितलं?"

त्यानंतर मनीषा स्वतः डबा घेऊन रानात जायला लागली आणि सासरे जेवेपर्यंत हलायची नाही. अंडी, दूध, शेंगदाण्याचे लाडू... टिप्या बिचारा वाळला म्हणे! काही महिन्यांनी ऑपरेशन झालं, टाके छान भरले. तपासणीला आले तेव्हा ताईत दंडात रुतला होता. मला केवढा आनंद झाला!

मनीषा बाहेर गेल्यावर तात्यांनी हळूच विचारलं, "ती परत आल्ती का?"

"नाही हो, तात्या."

हिरमुसले. दंडावरचा ताईत चाचपला. मग म्हणाले, "मंग... खायाचं जरा कमी करून बघू का?"

"खबरदार!" मी ओरडले आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. त्या दुपारी माझ्याशी कोण बोललं, मला आजही सांगता येत नाही. पण आता वजन कितीही बरोबर भरलं तरी मी आधी बाही वर सारते आणि विचारते, "जेवताना जवळ कोण बसतं?"