रोपडच्या अलीकडे थांबलेली बस

मी देव न मानणारी मुलगी होते. वडील एअर फोर्समध्ये, मूळचे साताऱ्याचे. बदली होऊन आम्ही चंदीगडला आलो आणि मला हॉकीचं वेड लागलं. आमचे कोच सरदारजी होते. ते म्हणायचे, "पुत्तर, मॅच शिट्टीच्या आधी डोक्यात जिंकायची असते." मी ते मनावर घेतलं. आई गुरुवारी पोथी वाचायला बसली की मी म्हणायची, "आई, देव गोल मारत नाही." ती नुसती हसायची. पण ती पंजाबातल्या दहशतवादाची वर्षं होती. संध्याकाळचे सराव बंद पडायचे, रोज कुणी ना कुणी गेल्याची बातमी यायची. नुसत्या जिद्दीवर किती निभावणार, अशी शंका मलाही येऊ लागली होती.

जालंधरचं शिबिर आटोपून मी बसने एकटीच परतत होते. दुसऱ्या दिवशी चंदीगडला संघाची निवड होती. पुढच्या सीटवर बहिणीच्या लग्नाला निघालेला एक तरुण होता. त्यानेच माझी किटबॅग वर ठेवून दिली. शेजारी एक वयस्कर शीख बाई बसल्या होत्या. रोपडच्या अलीकडे बंदूकधाऱ्यांनी बस अडवली आणि हिंदू पुरुषांना खाली उतरवायला सुरुवात केली. माझे केस मुलासारखे कापलेले, अंगात ट्रॅकसूट. मुलगा समजून एकाने माझ्याकडे बोट केलं आणि खाली उतरायला सांगितलं. "ओए मुंडेया, चल थल्ले."

ज्या मनाला मी वर्षानुवर्षं जिंकायला शिकवलं होतं, ते पार रिकामं झालं. आईच्या पोथीतलं नाव तेवढं आत उमटलं. इतक्यात शेजारच्या बाईंनी आपली चुन्नी माझ्या डोक्यावर ओढली आणि मला कुशीत घेतलं. "एह मेरी पोती ऐ," मला आपली नात ठरवून त्या शांतपणे म्हणाल्या. "बुखार ऐ इहनूं." तो जरा वेळ बघत राहिला, मग पुढे गेला.

त्या तरुणाला मात्र नेलं. ड्रायव्हरला बस काढायला सांगितली. थोडं अंतर गेल्यावर मागून गोळ्यांचे आवाज आले.

चंदीगडला उतरल्यावर बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, "घर जा, माँ उडीकदी होऊ," आई वाट बघत असेल असं म्हणाल्या आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

सकाळी कोचना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "खेळशील?" मी खेळले. हरण्याची भीती उरलीच नव्हती. हातून जे होत होतं, ते होऊ दिलं. माझी निवड झाली. पुढे एका बँकेच्या संघातून अनेक वर्षं खेळले, पुष्कळ जिंकले. जिंकण्याची वृत्ती कशी घडवली, असं मुली विचारतात. मी सरावाबद्दल सांगते. तेही खरंच आहे.

पण मला वाचवणारा हात त्या तरुणापर्यंत का पोचला नाही, हे मला आजही कळत नाही. ही खंत जात नाही. आधी त्यावरून मी देवाशी भांडायची. आता त्याच्यापुढे बसले की स्वतःसाठी काही मागत नाही. त्या बाईंना मनोमन नमस्कार करते, त्या तरुणाच्या न पाहिलेल्या बहिणीला सुखी ठेव म्हणते, आणि जे मला कळत नाही ते त्याच्यावर सोपवून उठते.